स्वस्त सहलीचे लेबल



भाताची झोडणी आटोपली, हातात चार पैसे आले की घरात सहलीचा विषय निघतो. हल्ली भिवंडीच्या आसपासच्या गावांतही मोबाइलवर जहाजाच्या सहलीच्या जाहिराती येतात. म्हणून माझीच फजिती सांगतो.

गेल्या वर्षी मेअखेरीस आम्ही उभयतांनी मुंबई-गोवा-मुंबई अशी जहाजाची सहल ठरवली. दोघांचे ३०,००० रुपये. सौ.ने भिशीत साठवलेले. बंदराचे शुल्क, कर, सेवा आकार मिळून आकडा ४१,००० वर गेला. बॅलार्ड पिअरला जहाजात चढलो, तर खोलीला खिडकीच नाही. जेवण दरात होते, पण पाण्याच्या बाटलीचे पैसे वेगळे. दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला आणि गोव्याला न लागताच जहाज माघारी फिरले.

मी तावातावाने तक्रार केली. तिथल्या माणसाने शांतपणे अटींचा कागद पुढे केला. आतली खोली, हवामानामुळे मार्ग बदलल्यास परतावा नाही, सारे छापलेले. खाली सही माझीच!

सौ. म्हणाली, "लेबल वाचल्याशिवाय बियाणं घेऊ नका, असं गावोगाव सांगता ना?"

मी निरुत्तर झालो. जहाज फिरवले ते योग्यच. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात बुडून सहाशेंवर माणसे गेली, हे कोकणाने विसरू नये. १ जूनपासून मासेमारीही बंद असते. हंगाम न पाहता स्वस्तावर भाळलो, ही चूक माझी.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी विचारा: सगळे धरून किती? खोली कोणती? दरात काय येते, काय नाही? मार्ग बदलला तर परत किती? उत्तरे लेखी घ्या. पावती आणि जाहिरात जपून ठेवा.

कबूल केलेले मिळाले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही.

सौ.ने गोवा अजून पाहिलेला नाही. येत्या थंडीत कोकण रेल्वेने नेणार आहे. नियम मात्र या वेळी तीच वाचणार आहे.