कबड्डीचा लिलाव आणि घामाचा हिशेब

पुणेरी पलटणच्या २०२३-२४ च्या पराक्रमाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. प्रो कबड्डीच्या साखळीतील २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सुटले, अवघे २ गमावले. आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून अजिंक्यपद पटकावले. पण बाजाराने कबड्डीला सोन्याचे दिवस आणले, असा जो या विजयाचा अर्थ लावला जातो, तो तपासून घेतलाच पाहिजे.

पुरावा बाजाराचाच घ्यावा. त्या हंगामाच्या लिलावातील सर्वोच्च बोली, २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये, पवन सेहरावतवर लागली. त्याचा तेलुगू टायटन्स संघ २२ पैकी २ सामने जिंकून तळाशी राहिला. दोष पवनचा नव्हे. कबड्डीत बाद झालेल्या गड्याला पुन्हा जिवंत करतो तो सहकाऱ्याने मिळविलेला गुण. लिलावाला सुटा माणूस दिसतो, हे नाते दिसत नाही. पुणेरी पलटणनेही शादलूई या इराणी खेळाडूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले, हे खरे. परंतु अस्लम इनामदार, पंकज मोहिते, मोहित गोयत ही अनेक हंगाम एकत्र खेळलेली मुले नसती, तर त्या पैशाने काय विकत मिळाले असते?

आणि असे खेळाडू मुळात घडविले कोणी? वर्गणी काढून मैदान राखणाऱ्या गावोगावच्या मंडळांनी; परळ-लालबागच्या गिरणी कामगारांनी. तो खर्च कोणत्याही मालकाच्या ताळेबंदात नाही. उलट स्पर्धा चालविणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्ये प्रक्षेपण करणाऱ्या स्टार इंडियानेच मोठा हिस्सा घेतला. खेळ दाखविणारा तोच आणि खेळाचा धनीही तोच!

रावेर-सावद्याच्या केळी उत्पादकाला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. वर्षभर बाग त्याने जपायची, भाव दुसऱ्याने पुकारायचा आणि वादळात बाग आडवी झाली तर तोटा मात्र त्याचा. पवनवर २०२२ मध्येही तमिळ थलायवाजने २ कोटी २६ लाखांची बोली लावली होती. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम संपला. तो नामवंत होता, पुन्हा उभा राहिला. तालुक्याच्या मैदानावरून नुकत्याच आलेल्या, किमान बोलीच्या पोराचा गुडघा गेला तर?

आज खेळाडूला पैसा मिळतो, असे उत्तर येईल. मिळतो, आणि मिळायलाच हवा. उपाशी पोटी खेळण्याच्या जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण रेल्वेतली वा बँकेतली नोकरी खेळ थांबल्यावरही टिकत असे, निवृत्तिवेतन देत असे. लिलावातला करार हंगामांवर मोजला जातो. म्हणून प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा कायद्याने तालुक्याच्या मैदानांना आणि खेळाडूंच्या भविष्यनिर्वाह निधीला मिळाला पाहिजे. दुखापतीच्या काळात पूर्ण मानधन मिळाले पाहिजे. आणि या मागण्या मालकांपुढे मांडायला खेळाडूंची स्वतःची संघटना उभी राहिली पाहिजे.