खेळाचे गाईड विकत घ्यावे का?



मोलगीच्या आठवडे बाजाराला सातपुड्यातल्या दूरदूरच्या पाड्यांवरून माणसे येतात. समजा, बाजार उठल्यावर तुम्हांला अशाच एखाद्या पाड्यावर जायचे आहे आणि वाट ठाऊक नाही. मग तुम्ही एक वाटाड्या गाठता. तो पुढे, तुम्ही मागे. ओढा ओलांडला, टेकडी चढली आणि तिन्हीसांजेला तुम्ही पाड्यावर पोहोचलात. आता दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने एकट्याने मोलगीला परत येता येईल का? ज्याने वाटेभर फक्त वाटाड्याच्या टाचा पाहिल्या, तो पहिल्याच फाट्यावर अडेल. मोहाचे मोठे झाड कुठे होते, ओढा कोणत्या हाताला राहिला, चढ कुठे संपला हे ज्याने पाहून ठेवले, तो नीट येईल. वाटाड्या मात्र दोघांचा एकच होता!

हे सांगायचे कारण असे. मोबाईलवरचे आणि संगणकावरचे खेळ आता डोंगरातल्या पाड्यांपर्यंत आले आहेत, आणि खेळांपाठोपाठ त्यांचे वाटाडेही आले आहेत. कोणत्या टप्प्यावर कोणत्या दाराने जावे, शत्रू कुठे दबा धरून बसतो, कोणती वस्तू कुठे दडवली आहे, हे सारे सांगणारी गाईडे निघतात. कुणी ती पुस्तकरूपाने विकतात, कुणी फोनवरच पैसे घेऊन दाखवतात. ‘घ्यावे का?’ हा प्रश्न विद्यार्थी मोठ्यांना क्वचितच विचारतात, कारण ‘मुळात खेळूच नकोस’ हे उत्तर त्यांना आधीच ठाऊक असते. पण प्रश्न टाळल्याने तो सुटत नाही. माझे मत असे आहे: नुसती उत्तरे सांगणाऱ्या गाईडावर एक पैसाही खर्च करू नये. खेळाचे नियम उलगडून दाखवणारे गाईड मिळाले, तर आधी स्वतः झगडावे आणि मगच ते उघडावे. असे का, ते आता पाहू.

पहिले उदाहरण पॅक-मॅन या खेळाचे घेऊ. हा खेळ १९८० साली जपानमध्ये निघाला. तोरू इवातानी हे त्याचे रचनाकार. एका भूलभुलय्यातून ठिपके खात फिरायचे आणि पाठीस लागलेल्या चार भुतांना चुकवायचे, एवढाच खेळ. या भुतांच्या हालचाली दैवावर सोडलेल्या नव्हत्या. खेळाडूने प्रत्येक वेळी तंतोतंत त्याच चाली केल्या, तर भुतेही तंतोतंत तशीच फिरत. हे ध्यानात येताच खेळाडूंनी ठरावीक मार्ग शोधून काढले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अशा मार्गांच्या आकृत्या छापलेली पुस्तके निघाली. आकृती पाठ करा, तशीच बोटे चालवा, भुते तुम्हांला शिवणार नाहीत!

पुढे १९८२ मध्ये मिस पॅक-मॅन हा खेळ आला. त्याच्या रचनाकारांनी भुतांच्या चालीत थोडी यदृच्छा मिसळली. म्हणजे काय, तर आपण त्याच चाली केल्या तरी भुते दर वेळी तशीच वागतील याचा नेम राहिला नाही. झाले! पाठ केलेल्या आकृत्या एका फटक्यात निरुपयोगी ठरल्या. मात्र पाठलागाच्या मूळ सवयी पुष्कळशा त्याच राहिल्या. लाल भूत तुम्ही आत्ता जिथे आहात ती जागा धरून येते; गुलाबी भूत तुमच्या तोंडासमोर चार घरे पुढच्या जागेवर नजर ठेवते. ज्याने या सवयी ओळखल्या होत्या, त्याचे ज्ञान नव्या खेळातही उपयोगी पडले. आकृती पाठ करणारा वाटाड्याच्या टाचा पाहत होता. सवय ओळखणारा झाड आणि ओढा पाहत होता.

आता तुम्ही म्हणाल, ‘हे सगळे खरे; पण गाईड पाहून खेळले तरी आठवणीत राहतेच की!’ राहते, पण किती? १९७८ साली स्लामेका आणि ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना शब्दांच्या जोड्या नुसत्या वाचायला दिल्या. काही जणांना जोडीतला पहिला शब्द आणि दुसऱ्याचे फक्त पहिले अक्षर दिले, आणि उरलेला शब्द स्वतः शोधायला सांगितला. मराठीत सांगायचे तर एकाला ‘गरम–थंड’ असे वाचायला मिळाले आणि दुसऱ्याला ‘गरम–थं…’ एवढेच. पुढे चाचणी घेतली तेव्हा नुसत्या वाचलेल्या शब्दांपेक्षा स्वतः शोधलेले शब्द अधिक लक्षात राहिल्याचे दिसले. शब्द तेच, फरक पडला तो शोधण्याच्या कष्टामुळे. गाईड आपल्याकडून नेमके हेच कष्ट काढून घेते, आणि वर त्याचे पैसेही घेते!

परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने आपल्या मताविरुद्धचा पुरावाही तपासला पाहिजे. १९८५ मध्ये स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी बीजगणित शिकणाऱ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. काहींना सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली, काहींना सगळी गणिते स्वतःच सोडवायला लावली. नवशिक्यांच्या बाबतीत सोडवलेली उदाहरणे पाहणाऱ्यांचा वेळ वाचला आणि तशाच गणितांत त्यांच्या चुकाही कमी झाल्या. म्हणजे आरंभी वाटाड्या हवाच. पहिल्याच दिवशी कुणी कुणाला रानात एकटे सोडत नाही. मात्र त्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली: गणिताचा प्रकार बदलला की हा फायदा उरला नाही. दाखवलेली वाट चालता आली. नवी वाट काढता आली नाही. तेव्हा गाईड आरंभापुरते उपयोगी, पण त्याच्यावरच विसंबणारा पुढे अडतो, हा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी टिकतो.

चांगले गाईड कसे असते, याचा एक जुना नमुना आपल्याकडेच आहे. १८१४ साली मुंबईत बुद्धिबळावरचे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. मूळ ग्रंथ संस्कृतातला, आणि ग्रंथकार त्रिवेंगडाचार्य शास्त्री. त्यात मुख्यतः पटावरच्या निवडक अवघड स्थिती मांडल्या आहेत. अशी स्थिती समोर आली की वाचक थबकतो. ‘येथून पुढे मी काय केले असते?’ असे स्वतःला विचारतो आणि मगच उत्तराकडे वळतो. चाल सांगणे वेगळे आणि चाल शोधण्याची सवय लावणे वेगळे.

तेव्हा गाईड हाती आले की तीन प्रश्न विचारा. पहिला, हे गाईड ‘काय करा’ एवढेच सांगते, की ‘का करा’ हेही सांगते? दुसरा, खेळ थोडा बदलला तर यातले किती उरेल? आजकालचे पुष्कळ खेळ इंटरनेटवरून वरचेवर बदलले जातात; छापलेले पान मात्र बदलत नाही. तिसरा, हेच फुकट मिळते का? प्रायमा ही अमेरिकेतली अशी गाईडे काढणारी मोठी प्रकाशनसंस्था १९९० मध्ये स्थापन झाली. २०१८ साली तिने व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले. खेळाडूंना जे हवे ते इंटरनेटवर पैसे न देता मिळू लागले, तेव्हा छापील गाईडांची मागणी ओसरली. जे त्या देशातल्या खेळाडूंना विकत घ्यावेसे वाटेना, त्यासाठी मोलगीच्या विद्यार्थ्याने पैसे का मोडावेत?

आणि हे पैसे कुणाचे, याचाही विचार करा. मोलगी परिसरातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. कुणी आंबे सोलून, फोडी वाळवून आमचूर करतात आणि बाजारात विकतात. अशा घरातली शंभराची नोट फार उन्हातान्हातून आलेली असते.

एक अडचण मात्र खरी आहे. घरात फोन एकच, तो हाती मिळतो अर्धा तास, आणि एकाच टप्प्यावर आठवडाभर अडून बसलो तर काय करावे? त्यात घरी बोलायचे भिलीत किंवा पावरीत, शाळेत शिकायचे मराठीत आणि खेळाच्या सूचना इंग्रजीत! अशा वेळी मदत घेण्यात लाज कसली? पण एकच सूचना घ्या आणि गाईड मिटा. वाटाड्याला फाटा विचारावा. त्याच्या पाठीवर बसू नये.

याहून चांगला उपाय सांगतो. एक साधी वही घ्या आणि स्वतःचे गाईड लिहा. आज कुठे हरलो, का हरलो असे वाटते, उद्या कोणती एकच गोष्ट बदलून पाहणार, आणि बदलल्यावर काय झाले, अशा चार ओळी रोज लिहायच्या. एका वेळी दोन गोष्टी बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. पाहा, तुम्ही निरीक्षण केले, तर्क केला, प्रयोग केला आणि नोंद ठेवली. प्रयोगशाळेत याहून निराळे काय करतात? वही भिलीत लिहिली तर फारच छान. तुमच्या पाड्यावरच्या धाकट्या भावंडांसाठी ते पहिले गाईड ठरेल, आणि ते कुणाला विकत घ्यावे लागणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती. खेळाच्या गाईडाला आपण नाके मुरडतो, पण परीक्षेच्या गाईडाबद्दल गप्प बसतो. दोघांना हेच तीन प्रश्न विचारले पाहिजेत. गाईडातले उत्तर फळ्यावर उतरवून देणे ही पॅक-मॅनची आकृतीच आहे, आणि आयुष्याची प्रश्नपत्रिका काढणारा दर वर्षी भुतांच्या चाली बदलतो. वर्गात निदान एक गणित असे ठेवा, की ज्याचे उत्तर कोणत्याच गाईडात नाही. मुले चुकतील, वाट चुकतील, परत फिरतील. त्यांना तेवढा वेळ द्या. वाट चुकून जी मुले आपली आपण परतली, त्यांनाच पुढे कुणाचे तरी वाटाडे होता येईल.