हापशाची साखळी

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पणतीइतकेच अगत्य भरल्या घागरीचेही बाळगणाऱ्या धाराशिव जिल्ह्याच्या वाचकांपुढे हा अंक ठेवताना एका शिफारसपत्राची हकीकत सांगणे प्राप्त आहे. गेल्या उन्हाळ्यात एक पदवीधर तरुण ते मागण्यास आला. आफ्रिकेतील एका खेड्यात शुद्ध पाण्याच्या कामावर दोन महिने स्वयंसेवक म्हणून जाण्याचा त्याचा मनसुबा होता. तुमच्या गावचा हापसा नादुरुस्त झाला तर उघडतो कोण, असे आम्ही सहज विचारले, तेव्हा तो ओशाळला.

वस्तुतः तो जेथे निघाला होता तेथे आपला हापसा त्याच्या आधीच पोहोचलेला आहे. 1972 च्या दुष्काळात आड-विहिरी तळाला गेल्या आणि काळ्या पाषाणात खोल विंधनविहिरी घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. परंतु त्यांवर बसविलेले ओतीव लोखंडाचे पंप मूळचे विलायतेतील एकेका कुटुंबाच्या अंगणासाठी बेतलेले असल्याने सबंध गावाच्या घागरींचा भार त्यांना झेपेना. त्या काळात जालन्याला स्कॉटिश मिशनमध्ये आणि आपल्या सरहद्दीलगत सोलापुरात स्वीडिश मिशनच्या कार्यशाळेत, परमुलखातून आलेली माणसे व इथले मिस्त्री यांच्या हातून निराळा पंप घडला : एकाच कण्यावर फिरणारी दांडी आणि तिच्या टोकाला साखळी, जेणेकरून दट्ट्याचा गज वाकडा न होता सरळ वर-खाली यावा. या ‘सोलापूर पंपा’वरूनच पुढे युनिसेफच्या पुढाकाराने ‘इंडिया मार्क दोन’ सिद्ध झाला, 1979 साली त्याला भारतीय मानक लाभले, आणि कोणाचाही मक्ता त्यावर नसल्याने तो घाना-युगांडापर्यंत गेला.

परदेशी सेवेची आम्हांस पटलेली कसोटी हीच, की पाहुणा परतल्यावर गावच्या मिस्त्रीला दुरुस्त करता येईल असे काही मागे उरावे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर उमरगा-लोहाऱ्याच्या ढिगाऱ्यांवर स्वयंसेवकांची रीघ लागली. त्यांतील बहुतेक पंधरवड्यात परतले, याचा दोष त्यांना देववत नाही, पण पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने हराळीस बिऱ्हाड केले आणि तिचे काम आजही तेथे चालू आहे. (फलक लावणारे पुष्कळ भेटतात, चामड्याचे वॉशर पिशवीत बाळगणारा विरळा.)

शिफारसपत्र आम्ही दिले, मात्र महिनाभर पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकाबरोबर हिंडण्याच्या अटीवर. दीडशे फुटांवरचा दट्ट्या काढायचा म्हणजे दहा-दहा फुटांचे पंधरा नळ एकामागून एक वर ओढणे आले. पत्र न्यायला तो आला तेव्हा त्याच्या तळहातांना फोड होते आणि नखांत वंगण.

जिल्ह्यातील जे तरुण-तरुणी अशा कामावर परमुलखी जाऊन आले असतील त्यांनी आपली हकीकत आम्हांस अवश्य लिहून पाठवावी; पुढील वर्षीच्या अंकात तिच्यासाठी आठ पाने राखून ठेवली आहेत.

— संपादक