मेलेलं ढोर सुटलं, मेलेला बल्ब आला

गावात ढोर मेलं की ते ओढायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. ते ठरलेलं होतं. दूध प्यायला तो ओसरीवर बसायचा, आणि ज्याची सावली गोठ्यात चालत नव्हती तो मढं ओढून गावाबाहेर न्यायचा. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्याचं मांस सोडा म्हणून सांगितलं. आपल्या आज्या-पणज्यांनी ते सोडलं, ढोर ओढणंही सोडलं. त्यापायी मार खाल्ला, बहिष्कार सोसला, पण सोडलं. पुढे १९५८ च्या कायद्यानं वतनही गेलं.

आज आपण शहरात आहोत. सोलापुरात आहोत. इथं ढोर नाही, पण मढी आहेतच. मेलेला मोबाईल, मेलेली बॅटरी, मेलेला एलईडी बल्ब. आणि मित्रहो, हे मढं ओढायचं कुणी, हे आजही कुणी विचारत नाही. कारण ते आजही ठरलेलंच आहे.

काही दोस्त म्हणतील, ‘बल्बावर कशाला लिहितोस बे? अत्याचार चाललेत, नोकऱ्या चालल्यात, आणि तू दिवे मोजत बसलास!’ त्यांना एवढंच सांगायचं, की विजेचा प्रश्न बाबासाहेबांना हलका वाटला नव्हता. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. सार्वजनिक बांधकाम आणि वीज यांच्या धोरण समितीपुढं १९४३ साली त्यांनी भूमिका मांडली ती अशी : वीज स्वस्त हवी, कारण स्वस्त विजेवाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून या देशाची गरिबी हटणार नाही. वीज कुणासाठी, हे त्यांनी विचारलं. तर वीज वापरून झाल्यावर उरलेली घाण कुणासाठी, हे विचारायला आपण का लाजायचं?

आता बल्बाकडं वळू. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारनं ‘उजाला’ योजना काढली. त्या योजनेत देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. २०१४ च्या सुरुवातीला एका बल्बाचा सरकारी खरेदीचा भाव ३०० रुपयांच्या वर होता. दोन-अडीच वर्षांत तो ४० रुपयांच्या आत आला. ६० वॉटच्या जुन्या बल्बाचं काम ९ वॉटचा बल्ब करू लागला. बिडी वळणाऱ्या बाईच्या खोलीत, यंत्रमाग कामगाराच्या पत्र्याखाली उजेड वाढला, बिल उतरलं. हे चांगलंच झालं. उजेडाला विरोध करणारी जात आपली नव्हे.

पण वाटायला टेबलं मांडली, परत घ्यायला किती मांडली? तीन वर्षांची हमी होती तेवढ्यापुरतं बदलून मिळालं. त्यानंतर मेलेला बल्ब कुठं टाकायचा, हे कोण सांगून गेलं? आपापल्या पेठेत विचारून बघा. उत्तर एकच येईल : कचऱ्यात, दुसरं काय!

शिकलेली माणसं इथं म्हणतात, ‘एलईडीत पारा नसतो, त्यामुळं धोका नाही.’ यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. पारा असतो तो ट्यूबलाइटमध्ये आणि सीएफएलमध्ये. सीएफएलमध्ये तो काही मिलिग्रॅम असतो आणि काच फुटली की वाफ होऊन हवेत जातो. एलईडीत पारा नाही. पण एलईडी म्हणजे नुसता दिवाही नाही, ते एक यंत्र आहे. त्यात ॲल्युमिनियम आहे, प्लॅस्टिकचं टोपण आहे, सर्किट आहे, कपॅसिटर आहे, तांबं आहे, सोल्डर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी माळांमधले छोटे रंगीत एलईडी दळून तपासले आणि २०१० च्या अखेरीस निष्कर्ष मांडले. शिसं, आर्सेनिक, निकेल, तांबं सापडलं. मंद उजेडाच्या लाल एलईडीत शिसं तर तिथल्या कायद्याच्या मर्यादेच्या आठपटीपर्यंत निघालं.

नीट समजून घ्या, उगाच भीती पसरवायची नाही. घरात जळणारा एलईडी कुणाला विष देत नाही. विष निघतं ते तो फोडताना, जाळताना, ॲसिडात बुडवताना. म्हणजे प्रश्न बल्बाचा कमी आणि माणसाचा जास्त आहे. फोडतो कोण? जाळतो कोण? दिल्लीच्या सीलमपूरमध्ये मोबाईल आणि कॉम्प्युटरची मढी उघड्या हातांनी फोडणारे, तांब्यासाठी तारा जाळणारे हात कुणाचे आहेत?

आणि सोलापुरात? घंटागाडी येते, बल्ब डबड्यात पडतो, खरकट्याबरोबर तुळजापूर रोडच्या डेपोकडं जातो. त्याच रोडला कचऱ्यापासून वीज करायचा प्रकल्प उभा राहिला. कचऱ्यातून वीज काढायची अक्कल शहराला आली, पण विजेचा कचरा वेगळा काढायची आली नाही. वाटेत तो निवडतं कोण? गाडीवरचा कंत्राटी कामगार आणि पाठीवर गोणी घेतलेली बाई. त्यांच्या जाती विचारा. आपल्यातले, मातंग, मेहतर, भटके-विमुक्त. याच शहरात इंग्रजांनी गुन्हेगार जमाती म्हणून शिक्का मारलेली माणसं तारेच्या कुंपणात कोंडली होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, कुंपण गेलं. पण ‘सेटलमेंट’ हे नाव शहराच्या तोंडातून गेलं नाही आणि गोणी पाठीवरून गेली नाही. भंगारात भाव आहे तो ॲल्युमिनियमला आणि तांब्याला. म्हणून बाई बल्ब फोडते. दगडानं फोडते. हातात हातमोजा नाही, शेजारी पोर बसलेलं.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं, की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, आणि तीही वर-खाली रचलेली. बल्बाचं आयुष्य बघा म्हणजे हे डोळ्यांपुढं उभं राहतं. निळा एलईडी शोधणाऱ्या तिघांना २०१४ साली नोबेल मिळालं, कंपनीला नफा मिळाला, पुढाऱ्याला फोटो मिळाला. मढं मात्र खालच्या पायरीवर आलं.

कायदे नाहीत असं कुणी म्हणू नये. कायदे ढिगानं आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं, की ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करा, घातक कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र काढा, कामगाराला हातमोजे, बूट, मास्क द्या. त्यात ट्यूब आणि सीएफएलचं नाव होतं. मग २०२२ चे ई-कचरा नियम आले, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. यादी वाढली, तारेचा जुना बल्ब वगळून प्रकाशाची इतर साधनं तीत आली. माल बनवणाऱ्यावर तो मेल्यानंतरची जबाबदारी टाकली. कंपनीनं नोंदणीकृत कारखान्याकडून प्रमाणपत्र घ्यायचं, आणि हिशेब चार धातूंचा : सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम. धातूचं खातं लिहिलं जातं. फोडणाऱ्या बाईच्या बोटांचं आणि फुफ्फुसाचं खातं कोण लिहितो?

गटाराचा अनुभव आपल्यापुढं आहे. हातानं मैला उचलण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. गटारात मेलेल्याच्या वारसाला सुप्रीम कोर्टानं २०१४ ला १० लाख ठरवले, २०२३ ला ३० लाख केले. माणसं त्यानंतरही मेली. एका दिवसात मेला त्याची निदान किंमत ठरली. शिशानं आणि धुरानं वीस वर्षांत मरतो, त्याची तर मोजदादही नाही.

आता घरचं बोलू. सोलापूरची भीमजयंती म्हणजे उजेडाचा पूर. बुधवार पेठेपासून प्रत्येक वस्तीत माळा, कमानी, रंगीत दिवे. हे व्हायलाच पाहिजे. ज्यांना अंधारात ठेवलं ते एक दिवस शहर उजळून टाकतात, त्यात गैर काही नाही. पण मिरवणूक संपली की तुटलेल्या माळा कुठं जातात? त्याच गाडीत. सकाळी झाडायला येणारी बाईही आपलीच. वर ज्या छोट्या लाल दिव्यांचं सांगितलं, ते या माळांतलेच भाऊबंद. गणपती मंडळ तेच करतं, गड्ड्याच्या यात्रेतही तेच होतं, हा काही जबाब नव्हे. त्यांच्या पोथीत उष्टं कुणी उचलायचं ते लिहिलेलं आहे. आपल्या मंडळांनी तर ती पोथी जाळली ना?

म्हणून कामाचं बोलतो.

एक : बल्ब मेला की लगेच टाकू नका. बहुतेक वेळा सगळा बल्ब मरत नाही, आतला ड्रायव्हर जातो किंवा ओळीतला एक बारका दिवा काळा पडून अख्खी ओळ बंद होते. आपल्या वस्तीत आयटीआय झालेली पोरं आहेत, त्यांना दुरुस्तीला बसवा. होल्डरमधून काढल्याशिवाय बल्ब उघडायचा नाही, आणि काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहते हे शिकवा.

दोन : दर विहारात दोन खोकी ठेवा. एकात एलईडी आणि माळा, दुसऱ्यात ट्यूब आणि सीएफएल, न फोडता. सीएफएल फुटलाच तर खिडक्या उघडा, केरसुणी मारू नका, पुठ्ठ्यानं गोळा करून झाकणाच्या डब्यात घाला.

तीन : खोकी भरली की भंगारात घालू नका. ती घेऊन इंद्रभुवनावर जा. बॅनर घ्या, पोरंबाळं घ्या, ते मढं पायरीवर ठेवा आणि लेखी मागा : आमच्या प्रभागाचं केंद्र कुठं? प्रदूषण नियंत्रण मंडळाला माहितीचा अर्ज टाका : जिल्ह्यातून किती ई-कचरा उचलला, कुणी उचलला, कुठं नेला?

चार : कचरा वेचणाऱ्या बाईला हाकलून कंत्राटदाराला यंत्र देणं हा न्याय नव्हे. तिला ओळखपत्र द्या, हातमोजे द्या, पगार द्या, दवाखाना द्या. आणि तिच्या पोरीला शाळा द्या, म्हणजे गोणी तिच्यापाशीच संपेल. ‘या कामात आमच्याच पोरांना आरक्षण द्या’ असं मागू नका. बाबासाहेबांनी १९३५ ला मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ काढला तो कामगाराचा हक्क मिळवायला, झाडू वारसानं पुढं द्यायला नव्हे.

पाच : महापालिकेनं नाहीच ऐकलं, तर एक दिवस कुणीच उचलायचं नाही. शहराला आपला कचरा आपल्या डोळ्यांनी बघू द्या. आज्या-पणज्यांनी ढोर ओढणं बंद केलं तेव्हा गावाला चार दिवसांत वास आला. सोलापूरचं नाक त्या गावापेक्षा निराळं नाही.

जयभीम.