अरण्याच्या दारातून परत फिरण्याची तयारी

कोलकात्यात वाढणाऱ्या मुलांच्या मनात आफ्रिका फार लवकर शिरते. तिला तेथे घेऊन जातात विभूतिभूषण बंद्योपाध्याय. त्यांची ‘चांदेर पाहाड’ ही किशोर कादंबरी १९३७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. बंगालच्या खेड्यातील शंकर नावाचा तरुण युगांडा रेल्वेत नोकरीस जातो आणि पुढे निबिड अरण्यात शिरतो, अशी तिची कथा आहे. स्वतः विभूतिभूषणांनी आफ्रिकेत कधी पाऊल ठेवले नव्हते. तरीही बंगालच्या कित्येक पिढ्यांना त्या अरण्याची ओढ लागली ती या पुस्तकामुळे.

नोकरीनिमित्त कोलकात्यात स्थायिक झालेल्या माझ्या एका मराठी स्नेह्यांच्या कन्येलाही ती लागली. दहावीची परीक्षा संपताच तिने वडिलांपाशी हट्ट धरला, की एकदा तरी रानातले चिंपांझी पाहावयाचे. स्नेह्यांनी पैसे साठविण्यास आरंभ केला आणि मला पत्र लिहून विचारले, “अशा प्रवासाची तयारी कशी करावी? तुमचे मत कळवावे.” मी आफ्रिकेला गेलेलो नाही, परंतु या विषयावरचे वाचन थोडेफार आहे आणि मतही आहे.

वरवरची तयारी सांगणे सोपे आहे. पश्चिम युगांडातील किबाले हे अरण्य चिंपांझींसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या पश्चिमेस रुवेन्झोरी पर्वत आहे. ‘चंद्राचे पर्वत’ हे जुने नाव याच पर्वताला जोडले जाते. कादंबरीतील पर्वत मात्र दूर दक्षिणेकडे आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी किंवा जून ते ऑगस्ट हे पावसाच्या दृष्टीने सोयीचे महिने. निघण्यापूर्वी किमान दहा दिवस पीतज्वराची लस घेऊन दाखला जवळ बाळगावा लागतो, अन्यथा परतताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलग राहण्याची वेळ येते. अरण्यात शिरण्याचा परवाना आगाऊ काढावा लागतो. तो स्वस्त नाही. २०२४ मध्ये किबालेचा दर परदेशी पाहुण्यांसाठी २५० डॉलर करण्यात आला. मला हा दर खटकत नाही. अरण्य टिकावयाचे तर त्याच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्यालाही ते टिकण्यात काही लाभ दिसला पाहिजे, आणि युगांडात उद्यानाच्या प्रवेशशुल्कातील पाचवा हिस्सा आसपासच्या गावांसाठी राखून ठेवलेला असतो.

परंतु खरी तयारी याहून वेगळी आहे.

चिंपांझी आपल्या इतके निकटचे आप्त आहेत, की आपले रोग त्यांना सहज जडतात. २०१३ साली किबालेतील कान्यावारा येथील ५६ चिंपांझींच्या कळपात श्वसनाच्या विकाराची साथ आली आणि त्यात पाच दगावले. तपासाअंती जो विषाणू आढळला, तो माणसाच्या साध्या सर्दीचा होता. आपण ज्या सर्दीची दखलही न घेता कामावर जातो, तिने रानातील पाच जीव घेतले! म्हणूनच तेथे पाहुण्यांना मुखपट्टी बांधावयास लावतात, काही मीटर अंतर राखावयास सांगतात, तासाभरात परत फिरवितात आणि आजारी माणसास आत सोडत नाहीत.

आता कल्पना करा. वर्षानुवर्षे पैसे साठविले, हजारो किलोमीटर प्रवास केला आणि आदल्या रात्री घसा दुखू लागला. सकाळी रक्षकाने विचारले, “प्रकृती ठीक आहे ना?” त्या क्षणी कोणाला कळणार? एक गोळी घेऊन, खोकला दाबून आत जाता येईल. नियम कितीही कडक असले, तरी त्या जागी ते प्रवाशाच्या प्रामाणिकपणावरच उभे असतात. मी स्नेह्यांना लिहिले, की अशा सकाळी दारातून परत फिरावयाचे हे बापलेकींनी घरातच ठरवावे. ते ठरत नसेल तर परवाना काढू नये.

“एवढा विचार करण्यापेक्षा प्राणिसंग्रहालयात पाहिले तर काय बिघडले?” असे कोणी म्हणेल. कोलकात्याचे अलीपूर प्राणिसंग्रहालय १८७६ पासूनचे आहे आणि तेथील बाबू नावाचा चिंपांझी अनेक वर्षे गर्दीचा लाडका होता. पण याच संग्रहालयाशी जोडलेली दुसरी हकीकतही आहे. वन्यजीवांच्या तस्करीचा आरोप असलेल्या इसमाकडून कोलकात्यात तीन चिंपांझी जप्त झाले आणि ते अलीपूरला ठेवण्यात आले. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये सक्तवसुली संचालनालयाने घर किंवा जमीन यांवर आणावी तशी त्यांच्यावर टाच आणली. प्रत्येकाची किंमत कागदोपत्री धरण्यात आली २५ लाख रुपये. या व्यापाराचा हिशेब मात्र रुपयांत संपत नाही. चिंपांझीचे पिल्लू चार-पाच वर्षे आईला बिलगून असते. रानातून ते पळवावयाचे म्हणजे बहुधा आईला आणि तिला वाचवू पाहणाऱ्या इतरांना मारावे लागते. हौस म्हणून चिंपांझी पाळणारे लोक जोवर आहेत, तोवर हे थांबणार नाही. संग्रहालयाला मी दोष देत नाही. जप्त झालेल्या जिवांना कोठेतरी आसरा हवाच. परंतु पिंजऱ्यासमोर उभे राहून टाळ्या वाजविणे म्हणजे चिंपांझी पाहणे नव्हे.

जेन गुडाल १९६० च्या जुलैत टांझानियातील गोंबे येथे पोहोचल्या, तेव्हा त्यांना पाहताच चिंपांझी पळून जात. कित्येक महिने त्या दूरच्या टेकडीवरून दुर्बिणीने पाहत राहिल्या. १ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा जगभर त्यांच्या शोधांविषयी लिहून आले. मला मात्र त्या टेकडीवरचे महिने अधिक मोलाचे वाटतात.

पत्राच्या शेवटी मी आणखी एक सुचविले. कपी पाहण्यासाठी भारताबाहेरच जावे लागते असे नाही. हुलॉक गिबन हा आपल्या देशातील एकमेव कपी आसामात आढळतो. जोरहाट जिल्ह्यातील होलोंगापार हे त्याचे अभयारण्य जेमतेम २१ चौरस किलोमीटरचे आहे आणि रेल्वेमार्गाने त्याचे दोन तुकडे केले आहेत. मरियानी स्थानकावर उतरले की ते जवळच आहे. गिबन झाडांच्या शेंड्यावरून फिरतात. त्यांची साद ऐकू येते, प्रत्यक्ष दर्शन घडेलच असे नाही.

स्नेह्यांचे उत्तर आले. आफ्रिकेचा बेत त्यांनी सोडलेला नाही, पुढे ढकलला आहे. येत्या थंडीत दोघे आसामला जाणार आहेत. खाली कन्येने आपल्या अक्षरात लिहिले होते : “काका, तिकिटे काढली. मला सर्दी झाली तर बाबा एकटे जातील आणि मी स्थानकावर थांबेन, असे आमचे ठरले आहे.”