हृदयाचे गुणपत्रक



'टू-डी एको' ह्या तपासणीचा कागद आता खेड्यापाड्यांतील घरांतूनही आढळतो. त्यातील 'ई. एफ. ६० टक्के' हा आकडा वाचून, वडिलांचे हृदय चाळीस टक्के निकामी झाले, असा धसका घरची मंडळी घेतात. उलट ३५ हा आकडा दिसला की, परीक्षेत उत्तीर्ण झाल्याप्रमाणे कोणी निश्चिंतही होतो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. दुसरी तर जिवावर बेतणारी आहे.

हृदयाचा डावा खालचा कप्पा सर्व शरीरास रक्त पुरवितो. तो भरला असता त्यात १२० मिलिलिटर रक्त आहे व एका ठोक्यासरशी त्यातील ७० मिलिलिटर बाहेर पडले असे समजा; हे प्रमाण सुमारे ५८ टक्के झाले. हाच तो आकडा. निरोगी हृदयदेखील आपला कप्पा पुरता रिता करीत नाही. म्हणून ५५ ते ७० हा आकडा उत्तम समजावा. तो ४० वा त्याहून खाली गेल्यास मात्र हृदयाची शक्ती क्षीण झाली, असे डॉक्टर मानतात.

हे मोजण्यासाठी छाती उघडावी लागत नाही. कानांस ऐकू न येणारा ध्वनी छातीतून आत सोडतात व त्याच्या प्रतिध्वनीवरून हलत्या हृदयाचे चित्र उमटते. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे डॉ. इंगे एडलर व शास्त्रज्ञ हेल्मुथ हर्ट्झ ह्यांनी, धातूतील दोष शोधण्याचे यंत्र वापरून, हृदयाचे असे प्रतिध्वनी प्रथम टिपले. ह्या तपासणीत क्ष-किरण नसतात.

तथापि हा आकडा चित्रावरून काढलेला अंदाज होय. दोन तपासण्यांत थोडा फरक पडला तर घाबरू नये. शिवाय काहींचे हृदय ताठर होते. आकडा चांगला असूनही त्यांस धाप लागते, पाय सुजतात. अशी लक्षणे डॉक्टरांस अवश्य सांगावीत.

योग्य औषधांनी पुष्कळांचा आकडा पुन्हा वर येतो. परंतु तो वर आला म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये, दुखणे उलटते. जुने कागद जपून ठेवावेत, डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्यावेत आणि आकड्याचा अर्थ शेजाऱ्यास न विचारता त्यांनाच विचारावा, एवढीच आमची विनंती.