औंधचे पंत: देण्याचे राजकारण

१/ संस्थानिकांचा इतिहास आपण बहुधा दरबार, शिकार आणि तनखे यांवरच आटोपतो. सातारा-सांगलीच्या मातीतील औंध संस्थानापुरता तरी हा निवाडा अन्यायाचा आहे. उद्योग, लोकहित आणि परराष्ट्रकारण हे तिन्ही धागे येथे एकाच घराण्यात गुंफलेले दिसतात.

२/ लोणंदहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर किर्लोस्करवाडी लागते. या स्थानकाचे जुने नाव कुंडल रोड. बेळगावातील जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी येथील ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. त्या माळावर पुढे लोखंडी नांगर घडले.

३/ हे निव्वळ दान नव्हते, हे ध्यानात घ्यावे. दानाने माणूस ओशाळा होतो. भांडवल आणि विश्वास मिळाला की तो उभा राहतो.

४/ बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत (जन्म १९१२) ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर झाले आणि मायदेशी परतले. पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचे साहाय्य आणि गांधीजींचा सल्ला घेऊन औंधने १९३९ मध्ये नवी राज्यघटना स्वीकारली. राजाने आपली सत्ता ग्रामपंचायतींच्या पायावर उभ्या राहिलेल्या लोकप्रतिनिधींच्या हाती दिली.

५/ त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत वसली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागची प्रेरणा हीच.

६/ आक्षेप रास्त आहे: संस्थान अवघ्या ७२ गावांचे, आणि १९४८ च्या विलीनीकरणाने प्रयोगही संपला. परंतु लहान संस्थाने शेकडो होती. सत्ता सोडण्याची बुद्धी किती जणांना झाली?

७/ १९४८ मध्येच अप्पासाहेब स्वतंत्र भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीस गेले. तेथे त्यांनी केवळ भारतीय व्यापाऱ्यांची वकिली केली नाही. आफ्रिकी नेत्यांशी त्यांनी मैत्री जोडली, आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्याची वाट सुकर केली. गांधी-स्मारकासाठी तेथील भारतीयांनी जमवलेला निधी नैरोबीच्या तांत्रिक महाविद्यालयास मिळाला. त्यातूनच पुढे नैरोबी विद्यापीठ घडले. वसाहतवादी प्रशासनाला हा आयुक्त खुपू लागला, यात नवल नाही.

८/ पुढे गंगटोक, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन आणि इटली येथे त्यांनी सेवा केली. औंधच्या प्रयोगाचा वृत्तान्त मात्र त्यांनी स्वतःच ‘ॲन अनयूजुअल राजा’ या ग्रंथात नोंदवून ठेवला.

९/ माझ्या मते नैरोबीतील त्यांचे धोरण औंधातच घडले होते. ज्याने घरची सत्ता वाटून पाहिली, त्याला परक्या भूमीतील सत्ताहीनांची बाजू समजावून सांगावी लागत नाही.

१०/ म्हणून, मित्रहो, कोणत्याही राज्यकर्त्याचे चरित्र वाचताना त्याने काय जिंकले याबरोबरच त्याने काय सोडले, आणि ते कोणाच्या हाती गेले, हेही विचारा.